भुट्ट्याची साखर

इंदिरा पोतनीस आणि कृष्णराव जगदाळे यांची ओळख रक्त देताना झाली.

सुदामा नगरातल्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये सकाळी उपाशीपोटी एकदा रक्त द्यायचं, मग नाश्ता करायचा आणि दोन तासांनी पुन्हा द्यायचं, असा तो प्रकार. इंदिराबाईंचं घर दोन गल्ल्या सोडून होतं, तरी त्या तिथेच बसून राहिल्या. घरी जाऊन करायचं काय? नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी श्रेया पुण्यात नोकरीला. विमा कंपनीतून रिटायर झाल्यापासून सकाळ फार लांबलचक झाली होती. त्यांनी डबा उघडला. आत पोहे, वर भरपूर सेव.

शेजारच्या खुर्चीवर पांढऱ्या भरघोस मिशीचे एक उंच गृहस्थ बसले होते. त्यांनी इंदिराबाईंच्या डब्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या. त्यांच्या डब्यात दलिया होता.

"सूनबाईनं दिलाय," ते म्हणाले. "काळजी करते बिचारी. पण इंदौरात राहून सकाळी दलिया खायचा, म्हणजे लग्नाला जाऊन नुसतं पाणी पिऊन परत यायचं."

इंदिराबाईंना हसू आलं. त्यांनी डब्याच्या झाकणात अर्धे पोहे काढून दिले. त्या गृहस्थांनी एक घास खाल्ला आणि जरा संकोचून विचारलं, "जिरावन नसेल ना?"

इंदिराबाईंनी पर्समधून जिरावनची पुडी काढली. मसाल्याची पुडी पर्समध्ये घेऊन हिंडणारी बाई कृष्णरावांनी जन्मात पाहिली नव्हती. त्यांनी तिथल्या तिथे आपलं नाव सांगितलं, बिजली विभागातून रिटायर झालो म्हणून सांगितलं, मुलगा यशवर्धन, सून पलक आणि गराडू नावाचा कुत्रा, अशी घरातली सगळी माणसं सांगितली.

"गराडू? तळून खायचा तो कंद? कुत्र्याचं नाव?"

"रंग बघा तुम्ही त्याचा. आत्ताच तळून काढल्यासारखा."

दोन तास कसे गेले ते दोघांनाही कळलं नाही. बोलता बोलता गोष्ट गोडावर आली, येणारच होती. कृष्णरावांची जिलेबी सुटली होती. इंदिराबाईंचं दुःख त्याहून मोठं. दिवाळीत अर्धी कॉलनी त्यांच्या हातचं खायची. शुगर निघाल्यापासून त्यांनी गोडाची कढई गॅसवर चढवलीच नव्हती.

"चाखता येत नाही तर करू कशी?" त्या म्हणाल्या. "मीठ अंदाजानं पडतं हो. गोडाचा अंदाज जिभेलाच असतो."

यानंतर दोघं सकाळी लालबागच्या बाजूला फिरायला भेटू लागली. ठरवून नाही. म्हणजे पहिल्या दोन-तीन वेळा ठरवून नाही.

मग श्रेयाचं पार्सल आलं. आत पांढऱ्या दाण्यांची मोठी पिशवी होती. इंदिराबाईंनी फोन लावला.

"आई, याला झायलिटॉल म्हणतात," श्रेया म्हणाली. "भुट्टा असतो ना, त्याचे दाणे काढल्यावर जो दांडा उरतो, त्याच्यातून काढतात. काही झाडांच्या लाकडातूनही काढतात. गोडी साखरेइतकीच, पण शुगर फारशी चढत नाही. मी तुझ्या डॉक्टरांना विचारलंय. थोडं थोडं चालेल म्हणाले. थोडं थोडं, ऐकलंस?"

"भुट्ट्याची साखर!" इंदिराबाईंना नाव एकदम पटलं. भुट्ट्याचा तिखट कीस करायला दर पावसाळ्यात पोतंभर भुट्टे किसून त्यांचे दांडे त्यांनी गाईला घातले होते. त्यात साखर लपली असेल असं कोणाच्या स्वप्नात आलं असतं? पिशवीवर मागे बारीक इंग्रजी अक्षरांत बरंच काही छापलेलं होतं, पण चष्मा आतल्या खोलीत होता आणि हात शिवशिवत होते. त्यांनी कात्री घेतली आणि पिशवी उघडली.

पहिल्यांदा पुरणपोळी केली. तव्यावरून उतरली तेव्हा नेहमीसारखी फुगलेली, तूप सोडलं, तुकडा तोंडात घातला आणि इंदिराबाई थबकल्या. पोळी गरम, पण जीभ गार! पेपरमिंटची गोळी चघळावी तसं. या साखरेचा तो गुणच होता, जिभेवर विरघळताना गारवा सोडायचा. पुरणपोळीला मात्र तो अगदी विजोड. मग त्यांनी शेंगदाण्याची चिक्की करायला घेतली. साखर वितळली पाण्यासारखी, पण लालसर होईना की खमंग वास येईना. किती ढवळलं तरी पांढरी ती पांढरीच. शेवटी खोबऱ्याची वडी केली. ती मात्र जमली. थापली, कापली, सुरेख सुटली. वेलचीचा वास, ओलं खोबरं आणि मागून तो हलका गारवा. इंदिराबाई स्वयंपाकघरात एकट्याच उभ्या राहून हसल्या. कितीतरी दिवसांनी स्वतःच्या हातची वडी त्यांनी खाल्ली होती.

दुसऱ्या दिवशी डबा घेऊन त्या फिरायला गेल्या. कृष्णरावांनी पहिली वडी तोंडात घातली आणि डोळे मिटले.

"इंदिराजी, ही खरंच चालते?"

"थोडी थोडी चालते."

थोडी थोडी हे शब्द कृष्णरावांच्या कानापर्यंत पोचले नसावेत. बाकावर बसून त्यांनी अख्खा डबा रिकामा केला. इंदिराबाई लांब बागेत कोणाशी तरी बोलत होत्या, परत येईपर्यंत डब्यात खोबऱ्याचा चुरा तेवढा उरला होता.

त्याच्या पुढच्या दिवशी कृष्णराव आले नाहीत. त्याच्या पुढच्याही. इंदिराबाईंनी न राहवून फोन केला.

"काही नाही हो," पलीकडून दबलेला आवाज आला. "पोटात जरा ढोल-ताशे वाजून राहिले होते. आता मिरवणूक गेली."

इंदिराबाईंना आधी वाईट वाटलं, मग इतकं हसू आलं की फोन खाली ठेवावा लागला. ही साखर एकदम फार खाल्ली तर पोट बिघडतं, हे श्रेयानं त्यानंतर सांगितलं.

पुढच्या रविवारी त्या स्वतः जगदाळ्यांकडे गेल्या. हातात छोटा डबा, आणि सक्त ताकीद: रोज दोनच. घरी पलक होती. ती मूळची गौतमपुऱ्याची, लग्नानंतर मराठी शिकलेली.

"आंटीजी, या ना! पापाजी रोज तुमचंच सांगत असतात," ती म्हणाली. कृष्णराव खाकरले.

आणि गराडू. नावाला शोभेल असा तांबूस, सोनेरी कडांचा, एक कान उभा, एक पडलेला. त्यानं इंदिराबाईंच्या साडीचा, चपलांचा, पर्सचा नीट वास घेतला आणि पायाशी पथारी पसरली. चहा झाला. पलकला बाजारात जायचं होतं, ती निघाली. गप्पांच्या नादात कृष्णरावांनी आपल्या वाटच्या वडीतला तुकडा खाली केला, गराडूनं तो अलगद घेतला. मग दुसरी वडी तशीच, अख्खी. मग आणखी एक.

"आमची वाटणी बरोबरीची असते," कृष्णराव म्हणाले. इंदिराबाईंना कौतुकच वाटलं.

घरी येऊन त्यांनी श्रेयाला व्हिडिओ कॉल लावला. सून किती चांगली आहे, घर कसं हवेशीर आहे, सगळं सांगून झालं. "आणि त्यांच्या कुत्र्यानं तर वड्या इतक्या आवडीनं खाल्ल्या म्हणून सांगू!"

स्क्रीनवर श्रेयाचा चेहरा एकदम उतरला.

"आई. कुत्र्याला दिल्या? आई, कुत्र्यांना ते विष असतं. माणसांना काही होत नाही, पण कुत्र्यांची शुगर धाडकन खाली जाते. पिशवीवर लिहिलंय गं! त्यांना आत्ताच्या आत्ता सांग, डॉक्टरकडे न्या म्हणावं."

इंदिराबाईंनी कृष्णरावांना फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. पलकचा नंबर त्यांच्याकडे नव्हता. त्यांनी गॅस बंद आहे का तेही पाहिलं नाही, ॲक्टिव्हाची किल्ली उचलली आणि निघाल्या.

कृष्णराव व्हरांड्यात होते. फोन आत चार्जिंगला. गराडू पायऱ्यांपाशी उभा होता, पण पाय फाकवून, बोटीत उभं राहावं तसा. एक पाऊल पुढे टाकलं आणि कुशीवर पडला.

"अरे, याला काय झालं?" कृष्णराव उठले.

"वडीनं झालंय," इंदिराबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज त्यांनाच ओळखू येईना. "ती साखर कुत्र्यांना चालत नाही. मला माहीत नव्हतं हो. चला, उचला त्याला, जल्दी!"

यशवर्धन रविवार असूनही गाडी घेऊन कामाला गेला होता. रिक्षाची वाट बघण्यात अर्थ नव्हता. म्हणून त्या दुपारी सुदामा नगरानं असं दृश्य पाहिलं की इंदिराबाई पोतनीस पदर खोचून ॲक्टिव्हा पळवतायत, मागे जगदाळे साहेब, आणि दोघांच्या मधे मांडीवर आडवा धरलेला, मान टाकलेला गराडू. चौकात एक रिक्षावाला आडवा आला. इंदिराबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा भर रस्त्यात आवाज चढवला, "हटो भिया, पेशंट है!" रिक्षावाला हटला.

जनावरांचे डॉक्टर ऋग्वेद वयानं लहान होते, पण गडबडले नाहीत. त्यांनी गराडूच्या कानाला सुई टोचून थेंबभर रक्त घेतलं, मशीन पाहिलं.

"शुगर खूप खाली गेलीय. काय खाल्लं ते कळलं, हे फार चांगलं झालं. नाहीतर आम्ही शोधतच बसलो असतो." त्यांनी पुढच्या पायाचे थोडे केस काढले, सुई लावली आणि वर बाटली टांगली. "ग्लुकोज चालू करतो. आता थांबावं लागेल."

दोघं बाकावर बसली. समोर स्टीलच्या टेबलावर गराडू डोळे अर्धे मिटून पडला होता. इंदिराबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येऊ लागलं.

"माझ्या हातची वडी..."

"हात माझा होता," कृष्णराव म्हणाले. "तुम्ही मला दिली, मी त्याला दिली. तुम्ही दोनच खा म्हणाला होतात, ते तरी मी कुठे ऐकलं?"  मग ते टेबलाकडे बघत बोलू लागले. "बायको गेल्यावर मी उठतच नव्हतो सकाळी. पोरगा याला घेऊन आला. एवढंसं पिल्लू. रोज उजाडलं की चादर ओढायचा. उठावंच लागायचं. हा नसता तर मी त्या लॅबमध्येही आलो नसतो, इंदिराजी."

इंदिराबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि त्यांच्या हातावर हात ठेवला. कृष्णरावांनी तो काढून घेतला नाही.

बाटलीतून थेंब थेंब पडत होते. कृष्णरावांनी मान वर करून ती बाटली पाहिली, मग इंदिराबाईंकडे पाहिलं, आणि त्यांच्या मिशा थरथरू लागल्या. इंदिराबाईंना वाटलं, आता हे रडणार. पण ते हसत होते.

"काय झालं?"

"बघा ना," ते कसेबसे म्हणाले. "आपण दोघं साखरेला घाबरून भुट्ट्याच्या मागे लागलो, आणि हा पठ्ठ्या बाटलीनं साखर पिऊन राहिलाय!"

इंदिराबाई रडत होत्या त्या तशाच हसायला लागल्या. आतून डॉक्टर डोकावले, दोघांना पाहिलं आणि परत गेले.

हसू ओसरल्यावर कृष्णराव एकदम म्हणाले, "माझ्याशी लग्न कराल?"

इंदिराबाईंनी पदर सारखा केला. बाहेर कुठेतरी भाजीवाल्याची हाक ऐकू येत होती.

"ही काय जागा आहे विचारायची?"

"लालबागेत रोज विचारायचं ठरवून येत होतो. तिथे वडी खाऊन घेतली."

"आधी त्याला उभं राहू दे," इंदिराबाई म्हणाल्या. "मग बघू."

संध्याकाळ व्हायच्या आत गराडूनं डोकं उचललं. उभा कान आधी हलला, मग पडलेला. डॉक्टरांनी पुन्हा रक्त पाहिलं आणि अंगठा वर केला. यशवर्धन आणि पलक धावत आत आले, तोपर्यंत तो टेबलावर उभा राहून डॉक्टरांची बाही चाटत होता. हे विष लिव्हरलाही बाधतं, म्हणून त्याची तपासणी पुढचे काही दिवस करत राहावी लागली, पण तीही नीट निघाली.

"राहिला की उभा," कृष्णराव हळूच म्हणाले.

"दिसतंय मला," इंदिराबाई म्हणाल्या, आणि लाजल्या. पलकनं ते बरोबर टिपलं.

घरी सांगितलं तेव्हा यशवर्धननं आधी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "बाबा, म्हणजे आता तुमच्या वरातीत मला नाचावं लागणार?" तो म्हणाला. पलक म्हणाली, "मी तर आजपासूनच नाचते." फोनवर श्रेया आधी रडली, मग ओरडली, "आई, मला करवली म्हणून मिरवायचंय! नाही म्हणू नकोस."

अडले ते एकटे नानासाहेब. इंदिराबाईंचे थोरले भाऊ, पंच्याऐंशीच्या घरातले, स्वतः मधुमेही आणि त्यामुळे कायम वैतागलेले. "या वयात हे काय?" ते म्हणाले. "आणि आपले पूर्वज दरबारात लेखणी चालवणारे. हे जगदाळे तलवारवाले."

"आता घरात भाजी कापायचा चाकू तेवढा आहे, नानासाहेब," कृष्णराव नम्रपणे म्हणाले. "तोही सूनबाई मला देत नाही."

नानासाहेब हसले नाहीत. "येईन लग्नाला. पण जेवणार नाही."

लग्नाचं गोड काय करायचं, यावर मात्र इंदिराबाई ठाम होत्या. नवरा-नवरीनंच खायचं नाही असं पक्वान्न मांडवात येणार नाही. त्यांनी विचार केला: या साखरेचा गारवा पुरणपोळीला नडला, पण जे खायचंच थंडगार, तिथे तो कशाला नडेल? श्रीखंड! श्रेया दोन दिवस आधी आली. तिनं आणि पलकनं मिळून चक्का पुरणयंत्रातून काढला, इंदिराबाईंनी भुट्ट्याची साखर बारीक दळून त्यात मिसळली, केशर खललं. चमचा तोंडात घातल्यावर तिघी एकमेकींकडे बघतच राहिल्या.

लग्न कॉलनीच्या हॉलमध्ये झालं. श्रेया करवली म्हणून मिरवली. यशवर्धन नाचला, आणि त्याच्याहून जास्त कृष्णराव नाचले. डॉक्टर ऋग्वेदांना मानाचं आमंत्रण होतं. गराडू झेंडूची माळ घालून आलेल्या प्रत्येकाचा वास घेत होता. त्याच्यासाठी पलकनं वेगळा दूध-पोळीचा काला आणला होता, आणि श्रीखंडाच्या टेबलाभोवती त्याला फिरकूही दिलं नाही. वाढायला इंदिराबाई स्वतः उभ्या राहिल्या, नवरीच्या शालूत, हातात पळी घेऊन. प्रत्येकाला एकच छोटी वाटी. "जास्त मिळणार नाही," त्या सगळ्यांना सांगत होत्या. "कारण यांना विचारा."

"अरे भिया, बर्फ टाकलाय का यात?" लोक विचारत होते. "गळ्याखाली उतरलं तरी जीभ गार!"

नानासाहेब कोपऱ्यात काठीवर हात ठेवून बसले होते. इंदिराबाई वाटी घेऊन त्यांच्यासमोर वाकल्या.

"दादा, तुला चालेल असं आहे. मी तुझ्या डॉक्टरांना विचारून घेतलंय."

नानासाहेबांनी वाटीकडे संशयानं पाहिलं. चमचाभर घेतलं. मग सगळं संपवलं, आणि वाटी बोटानं पुसून घेतली. लहानपणी सणाच्या दिवशी घ्यायचे तशी. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"इंदू," ते म्हणाले, "किती वर्षांनी गं."

मग त्यांनी कृष्णरावांना हाक मारली, शेजारी बसवून घेतलं आणि सांगितलं, "जावईबापू, हिला म्हणावं अजून एक वाटी दे. तुमचं ऐकेल."

"माझंही ऐकत नाही हो," कृष्णराव म्हणाले. दोघांनाही दुसरी वाटी मिळाली नाही.

लग्नानंतर कृष्णराव इंदिराबाईंच्या घरी राहायला आले, कारण इंदिराबाईंना आपलं स्वयंपाकघर सोडवेना. गराडू दोन्ही घरी राहू लागला. ज्या घरी आधी स्वयंपाक होईल, तिकडे तो जेवायचा.

महिन्याभरात पलकच्या माहेरून निरोप आला. व्याह्यांना आणि नव्या विहिणीला गौतमपुऱ्याला जेवायला घेऊन या. सगळे गाडीत बसून गेले. गव्हाची हिरवी शेतं दोन्ही बाजूंना, मधे पलकच्या वडिलांचं घर. अंगणात बायका आधीच जमल्या होत्या. पलकच्या आईनं इंदिराबाईंना पाटावर बसवलं, कुंकू लावलं, ओटी भरली आणि म्हणाली, "आओ समधनजी!" विहीण म्हणून त्यांना आजवर कोणीच हाक मारली नव्हती. इंदिराबाई गोंधळल्या, मग लहान मुलीसारख्या हसल्या.

जेवायला बसल्यावर बायकांनी व्याह्यांना चिडवायच्या गाळ्या, म्हणजे थट्टेच्या शिव्यांची गाणी, गायला सुरुवात केली. माळव्यात हे चालतंच, कोणी राग मानत नाही. ढोलक वाजू लागली. समधीजी कसे मिशा पिळत आले, म्हातारपणी कसे नवरदेव होऊन घोड्यावर चढायला निघाले आणि घोडंच कसं पळून गेलं, असं कडव्यामागून कडवं. कृष्णरावांचे कान लाल झाले, हात आपोआप मिशीकडे गेला. ते पाहून बायकांनी तेच कडवं पुन्हा घेतलं, दुप्पट मोठ्यानं.

इंदिराबाईंना माळवी सगळी कळत नव्हती. त्यांनी शेजारच्या बाईला विचारून ओळ समजून घेतली, एकदा मनात म्हणून पाहिली आणि टाळ्या वाजवत त्याही गाण्यात सामील झाल्या.